विश्लेषण : मंगळावर सापडलेला जंतू आपलाच निघाला तर?

हैदराबादहून सुटणाऱ्या संशोधनाच्या बलूनची उपकरणे लातूर-नांदेडच्या शिवारातही उतरू शकतात. अशाच एका बलूनने २००५ मध्ये ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरून हवा आणली आणि त्या हवेत जंतू सापडले. ते वरचेच, की खालून कुणाच्या हाताबरोबर गेलेले? हाच प्रश्न आज मंगळ मोहिमांपुढे उभा आहे.

हिवाळा तोंडावर आला की लातूर, नांदेड, धाराशिव, बीड, परभणी या जिल्ह्यांच्या पानांवर अधूनमधून एक छोटी सूचना छापून येते. हैदराबादहून संशोधनाचे बलून सोडले जाणार आहेत, त्यांच्यासोबतची उपकरणे रंगीत पॅराशूटला लटकून शेतात उतरू शकतात, कुणी त्यांना हात लावू नये, उघडू नये, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. लातूर हैदराबादपासून सरळ रेषेत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर आहे. वाऱ्यावर वाहत निघालेल्या बलूनसाठी हे अंतर फार नाही.

सूचना वाचणारा बहुतेकदा ‘विजेचा झटका बसत असेल’ म्हणून पान उलटतो. ते कारण खरेच आहे. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते. पण पेटीत वरची हवा गोळा करून आणलेली असेल, तर दुसरे कारण त्याहून नाजूक आहे. पेटीला हात लागला, झाकण उघडले, की हातावरचे आणि वाऱ्यातले जंतू आत गेले. मग प्रयोगशाळेत काहीही सापडो, ते कुठले हे सांगता येत नाही. सगळा खर्च, सगळी मेहनत तिथेच संपते.

२००५ चा बलून कशासाठी होता?

पृथ्वीच्या वातावरणात किती उंचीपर्यंत जीव आढळतात, हे शोधण्यासाठी. प्रयोगाचे नेतृत्व पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे होते. त्यांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉईल आणि हॉईल यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांनी एक वादग्रस्त कल्पना मांडली होती: जीवसृष्टीचे बी अवकाशातून, धूमकेतूंच्या धुळीबरोबर पृथ्वीवर आले असावे. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ही कल्पना पटलेली नाही. पण पटणे-न पटणे बाजूला ठेवून ती तपासता येते का, हा नारळीकरांचा प्रश्न होता. धूळ वरून येत असेल तर ती खालच्या जंतूंत मिसळण्याआधी, उंचावरच पकडायला हवी.

पहिले उड्डाण जानेवारी २००१ मध्ये झाले. त्या नमुन्यांतून जंतू मिळाले. काही नमुने ब्रिटनमध्ये तपासले गेले, तिथे वाढवलेल्या जंतूंत स्टॅफिलोकॉकस कुळातला एक जिवाणूही होता. या कुळातले अनेक जिवाणू माणसाच्या त्वचेवर राहतात. साहजिकच शंका आली: हे आभाळातून आले, की प्रयोगशाळेतल्या कुणाच्या बोटावरून?

शंकेला वाद घालून उत्तर देण्यापेक्षा प्रयोग पुन्हा करायचे ठरले, आणि या वेळी भर होता तो जमिनीवरचे काहीही आत जाऊ नये यावर. एप्रिल २००५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादमधील बलून केंद्रातून दुसरे उड्डाण झाले. बलूनचे आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट. खाली ४५९ किलोचा उपकरणसंच. त्यात पोलादाच्या १६ नळ्या, आधी निर्जंतुक केलेल्या आणि आतली हवा पूर्ण काढून टाकलेल्या. या नळ्या ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या.

निऑन कशाला? तो उणे २४६ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे नळ्या कमालीच्या थंड राहतात. इतक्या उंचीवर हवा फार विरळ असते, साधी बाटली उघडून फारसे काही हाती लागत नाही. नळीचे तोंड उघडले की आत शिरलेली हवा थंडगार भिंतीवर गोठून चिकटते, आतली पोकळी रिकामीच राहते आणि बाहेरची आणखी हवा ओढली जाते. उन्हाळ्यात फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर बाहेरच्या हवेतले बाष्प जमते, तसेच काहीसे, फक्त इथे हवाच गोठते. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर अशी हवा गोळा करून नळ्या बंद झाल्या आणि पॅराशूटने खाली आल्या.

पुढची काळजी जमिनीवरची. नमुने दोन वेगळ्या संस्थांत गेले: हैदराबादची ‘सीसीएमबी’ आणि पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था, म्हणजे ‘एनसीसीएस’. दोघांनी स्वतंत्रपणे, पण एकाच पद्धतीने तपासणी करायची. एका प्रयोगशाळेत चूक झाली तर दुसरीच्या निष्कर्षांशी ताडून ती उघडी पडावी, हा हेतू.

सापडले काय?

१२ प्रकारचे जिवाणू आणि ६ प्रकारच्या बुरशी. १२ पैकी नऊ जिवाणू पृथ्वीवरच्या ओळखीच्या जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळले. तीन मात्र त्या वेळी कुठल्याच नोंदीत नव्हते. मार्च २००९ मध्ये ‘इस्रो’ने त्यांची नावे जाहीर केली. एकाला फ्रेड हॉईल यांच्यावरून जॅनिबॅक्टर हॉयली, दुसऱ्याला इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि तिसऱ्याला आर्यभटांवरून बॅसिलस आर्यभटाय. तिघांचाही एक गुण समान होता. सूर्याच्या अतिनील किरणांना ते आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा जास्त दाद देत नव्हते.

शोधनिबंधावर नारळीकरांबरोबर सीसीएमबीचे एस. शिवाजी, एनसीसीएसचे योगेश शौचे, तसेच पी. एम. भार्गव आणि यू. आर. राव अशी मातब्बर नावे आहेत. त्या यादीत पराग वैशंपायन हेही नाव आहे. ते लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

मग ते परग्रहावरचे होते का?

अनेकांनी बातमीचा अर्थ तसाच घेतला. इस्रोच्या निवेदनातला शब्द मात्र जपून वापरलेला होता: घेतलेल्या खबरदारीमुळे हे जीव स्थितांबरातच मिळाले असा विश्वास वाटतो, पण ते पृथ्वीबाहेरचे आहेत हे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. विज्ञानात असे वाक्य लिहिणे सोपे नसते. हातात तीन नवे जीव असताना तर नाहीच.

नंतर काय झाले ते मराठवाड्यातल्या वाचकाला जास्त जवळचे वाटेल. बॅसिलस आर्यभटाय हा जिवाणू पुढच्या वर्षांत ठिकठिकाणच्या जमिनीत सापडू लागला. इंदूरच्या सोयाबीन संशोधकांना तो मध्य भारतातल्या काळ्या मातीत, पिकांच्या मुळांशी मिळाला. सोयाबीन आणि गव्हाला जमिनीतले जस्त मिळवून देण्यात या जिवाणूची मदत होते, असे त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. म्हणजे चाळीस किलोमीटरपर्यंत बलून पाठवून पकडलेला ‘अवकाशवीर’ सोयाबीनच्या रानातला रहिवासी निघाला. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळणाऱ्या लातूरच्या शेतकऱ्याला त्याची ओळख पटायला वेळ लागणार नाही. २०२० मध्ये त्याचे कूळही बदलले. आता तो प्रिस्टिया गटात मोडतो.

त्याने प्रयोग फुकट गेला असे मात्र नाही. जमिनीतला जीव इतक्या उंचीवर जिवंत राहतो, हीच मोठी गोष्ट आहे. वादळे आणि ज्वालामुखी माती, राख फार वर नेतात. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या उद्रेकाचा लोट ५५ किलोमीटरच्याही पलीकडे गेला होता. वर हवा मंगळावरच्या इतकीच विरळ, थंडी कडाक्याची, अतिनील किरणांचा मारा सतत. तिथे टिकणारा जीव यानाच्या पत्र्याला चिकटून मंगळापर्यंतही टिकू शकेल का, हा पुढचा प्रश्न मग टाळता येत नाही.

चंद्रावरच्या कॅमेऱ्याने शास्त्रज्ञांना कसे चकवले?

या क्षेत्रातला हा सगळ्यात गाजलेला किस्सा आहे. अमेरिकेचे सर्व्हेअर-३ हे यान १९६७ मध्ये चंद्रावर उतरले. अडीच वर्षांनी, नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ चे अंतराळवीर त्याच्याजवळ उतरले आणि त्याचा कॅमेरा काढून पृथ्वीवर घेऊन आले. कॅमेऱ्याच्या आतल्या फोमच्या तुकड्यातून स्ट्रेप्टोकॉकस मायटिस हा जिवाणू वाढला. हा माणसाच्या तोंडात-घशात राहणारा. चंद्रावर अडीच वर्षे जिवंत राहिलेला जंतू म्हणून तो पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला.

कितीतरी वर्षांनी संशोधकांनी त्या तपासणीची जुनी छायाचित्रे आणि नोंदी पुन्हा काढल्या. नमुना घेणाऱ्यांचे कपडे आखूड बाह्यांचे होते, आजच्या मापाने खबरदारी अगदीच तोकडी होती. जंतू चंद्रावरून आलाच नव्हता, तो पृथ्वीवर तपासणी करतानाच फोमवर पडला असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. एक निष्काळजी हात आणि चाळीस वर्षांचा गैरसमज.

अगदी अलीकडचेही उदाहरण आहे. जपानच्या हायाबुसा-२ यानाने र्‍युगू लघुग्रहावरून आणलेल्या मातीचा एक कण लंडनमध्ये अभ्यासासाठी उघडला गेला. काही आठवड्यांत त्यावर सूक्ष्मजीवांचे धागे वाढताना दिसले. २०२४ मध्ये आलेल्या शोधनिबंधाचा निष्कर्ष स्पष्ट होता: हे जीव पृथ्वीवरचेच. अवकाशातून आलेल्या खड्यावरही आपल्या जंतूंना चरायला पुरेसे मिळते.

इतकी स्वच्छता करूनही जंतू उरतात कसे?

उत्तर स्वयंपाकघरात आहे. दूध नीट उकळी येईपर्यंत तापवले, झाकून ठेवले, तरी उन्हाळ्यात ते कधी ना कधी नासतेच. काही जंतू नंतर हवेतून पडतात, पण काही उकळीतही मेलेले नसतात. बॅसिलससारखे जिवाणू वाईट दिवस आले की स्वतःभोवती जाड कवच करतात, आतले पाणी जवळजवळ काढून टाकतात आणि झोपी जातात. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. ‘नीट’ची तयारी करणारी मुले ज्याला ‘एंडोस्पोर’ म्हणून पाठ करतात, तो हाच. उकळते पाणी, अल्कोहोल, कोरडेपणा, किरणोत्सर्ग, यांतले बरेच काही तो सोसतो. परिस्थिती सुधारली की पुन्हा जागा होतो.

म्हणून यान किती स्वच्छ आहे हे मोजताना शास्त्रज्ञ सगळे जंतू मोजत नाहीत, हे चिवट बीजाणू मोजतात. पद्धत साधी आहे. यानाच्या ठरावीक भागावर ओला निर्जंतुक बोळा किंवा कापड फिरवायचे. ते पाण्यात घालून ध्वनिलहरींनी हलवायचे, म्हणजे चिकटलेले जंतू सुटतात. मग ते पाणी ८० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे तापवायचे. साधे जंतू मरतात, बीजाणू उरतात. उरलेले पोषक जेलीवर ओतून तीन दिवस ऊब द्यायची आणि उगवलेले ठिपके मोजायचे. अब्जावधी रुपयांच्या यानाला परवाना मिळणार की नाही, हे त्या बशीतल्या ठिपक्यांवर ठरते.

किती जंतू चालतात? हे ठरवते कोण?

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराचे नववे कलम सांगते की, इतर ग्रहगोलांचे हानिकारक दूषितीकरण होऊ नये आणि तिथून आणलेल्या वस्तूंनी पृथ्वीचेही नुकसान होऊ नये. भारताने त्याच वर्षी या करारावर सही केली. करारात आकडे नाहीत. आकडे ‘कॉस्पार’ ही शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय समिती ठरवते आणि देश ते पाळतात. कायद्याची सक्ती नाही. मुख्यतः एकमेकांच्या विज्ञानावर भरवसा राहावा म्हणून पाळतात.

नियमांची उतरंड ठिकाणानुसार आहे. बुधासारख्या ठिकाणी जीव असण्याची किंवा टिकण्याची शक्यता नाही, तिथे जवळपास कुठलीच अट नाही. चंद्र आणि शुक्रासाठी मुख्यतः कागदोपत्री नोंद: काय नेले, कुठे पडले. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाची कक्षा अशी हवी, की ते चुकून मंगळावर आदळण्याची शक्यता वीस वर्षांत एक टक्क्याच्या आत राहील. कक्षेतून ही हमी देता येत नसेल तर यानच अधिक स्वच्छ करावे लागते.

खरी कडक अट उतरणाऱ्या यानाला. सर्वसाधारण मंगळ लँडरच्या उघड्या पृष्ठभागावर मिळून ३ लाखांहून अधिक बीजाणू चालत नाहीत आणि प्रत्येक चौरस मीटरला सरासरी ३०० च्या वर नाहीत. आकडा मोठा वाटतो. पण शेतातली चमचाभर माती घेतली तर तिच्यातच अब्जाच्या घरात जिवाणू निघतात. जिथे पाणी असण्याची शक्यता आहे अशा मंगळावरच्या ‘विशेष प्रदेशात’ उतरायचे असेल तर मर्यादा थेट ३० बीजाणूंवर येते. संपूर्ण यानावर फक्त ३०.

ही पातळी गाठण्याचा जुना खात्रीचा उपाय म्हणजे भट्टी. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली दोन्ही व्हायकिंग याने उड्डाणाआधी पूर्ण बंद करून सुमारे १११ अंश सेल्सिअसला तीसेक तास भाजली होती. आजच्या इलेक्ट्रॉनिक भागांना, बॅटऱ्यांना आणि गोंदांना हे सोसत नाही. त्यामुळे आता भागाभागाने काम चालते: काही भाग भाजायचे, काही हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेत ठेवायचे, काही अल्कोहोलने पुसायचे.

गंमत म्हणजे एवढे करूनही व्हायकिंगच्या मातीच्या प्रयोगांवरचा वाद मिटलेला नाही. एका प्रयोगात जीव असल्यासारखा प्रतिसाद मिळाला, बाकीच्यांनी त्याला दुजोरा दिला नाही. पण त्या वादात ‘जंतू पृथ्वीवरून गेले असतील’ हे कारण फारसे कुणी पुढे करत नाही. तीस तासांच्या भट्टीची ती कमाई.

स्वच्छ खोलीतच नवे जंतू?

इथे पराग वैशंपायन यांचे नाव पुन्हा येते. पुण्याच्या चमूतल्या या संशोधकाने पुढे ‘नासा’च्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत यान जुळवणीच्या खोल्यांमधल्या जंतूंवर काम केले. २०१३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टर्सिकॉकस फिनिसिस नावाचा नवा जिवाणू नोंदवला. तो जगात तोपर्यंत दोनच ठिकाणी मिळाला होता: फ्लोरिडातल्या ज्या खोलीत मंगळाचे फिनिक्स यान तयार होत होते तिथे, आणि तिथून हजारो किलोमीटरवर दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातल्या युरोपच्या प्रक्षेपण केंद्रातल्या तशाच खोलीत. बाकी जगात कुठेही नाही. नावातला पहिला भागच लॅटिनमधल्या ‘स्वच्छ’ या शब्दावरून आला आहे.

कारण उघड आहे. या खोल्यांत हवा सतत गाळली जाते, कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात असतात, जमीन वारंवार रसायनांनी पुसली जाते. जे मरायचे ते मरते आणि उरते ते अत्यंत चिवट. शेतात एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारले की त्याला न जुमानणारे तण माजते, तसाच हा प्रकार. अशा खोल्यांतल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर जातीच्या काही जंतूंना तर सफाईसाठी वापरलेले अल्कोहोलच अन्न म्हणून चालते, असे प्रयोगांत दिसले आहे. २०२५ मध्ये फिनिक्सच्या त्याच खोल्यांतल्या नमुन्यांतून आणखी २६ नव्या जाती नोंदवल्या गेल्या. त्या कामात जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे कस्तुरी वेंकटेश्वरन आणि भारतातल्या संस्थांचाही सहभाग होता.

अशा जीवांची यादी ठेवणे हाच ग्रहसंरक्षणाचा अर्धा भाग झाला आहे. उद्या मंगळाच्या मातीत एखादा जनुकीय तुकडा सापडला, तर पहिले काम असेल तो या यादीशी ताडून पाहणे. घरात चोरी झाली की आधी घरातल्यांचे ठसे घेतात, तशी ही ठशांची वही.

जवळचेच लोणार इथे का आठवते?

मंगळावर द्रवरूप पाणी असलेच तर ते अतिशय खारट असेल, असा अंदाज आहे. अशा पाण्यात पृथ्वीवरचे काही जीव मजेत राहतात. जून २०२० मध्ये लोणार सरोवर अचानक गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्याला कारण निघाले. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले लोणारचे विवर मंगळावरच्या विवरांसारखे म्हणून अभ्यासले जाते. तेव्हा ‘मंगळावर आपले जंतू जगणारच नाहीत’ हे विधान लोणारच्या काठावर उभे राहून करणे जरा अवघड जाते.

नियम सगळे पाळतात का?

याने बांधणाऱ्या मोठ्या संस्था बहुतांशी पाळतात. गुरूचा चंद्र युरोपा आणि शनीचा चंद्र एन्सेलाडस यांच्या बर्फाखाली पाणी आहे. इंधन संपलेले यान भरकटत त्यांच्यावर पडू नये म्हणून गॅलिलिओ यान २००३ मध्ये गुरूत आणि कॅसिनी २०१७ मध्ये शनीत मुद्दाम बुडवून नष्ट केले गेले. चालती याने अशी जाळून टाकताना शास्त्रज्ञांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

खासगी उड्डाणांचे चित्र वेगळे आहे. २०१८ मध्ये एक मोटार सूर्याभोवतीच्या कक्षेत सोडली गेली. ती निर्जंतुक केलेली नव्हती. २०१९ मध्ये इस्रायलचे बेरेशीट यान चंद्रावर कोसळले. त्यात जलअस्वले, म्हणजे टार्डिग्रेड हे सूक्ष्म आणि विलक्षण चिवट प्राणी ठेवलेले होते, हे जगाला अपघातानंतर कळले. चंद्रावर ते वाढणार नाहीत. पण कुणी काय नेले हेच आधी सांगितले नाही, तर नोंदवही काय कामाची?

आणि माणूस स्वतः मंगळावर गेला तर? माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. यानाला भट्टीत घालता येते, माणसाला नाही. जीव शोधायचा असेल तर माणूस पोहोचण्याआधी शोधा, असा आग्रह काही शास्त्रज्ञ धरतात तो यामुळेच.

भारताचे काय?

सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचलेले मंगळयान उतरणारे नव्हते, त्यामुळे बीजाणू मोजण्याची सगळ्यात कडक अट त्याला लागू नव्हती. चांद्रयान-३ चंद्राच्या सुमारे ६९ अंश दक्षिणेला उतरले. कॉस्पारच्या नव्या वर्गवारीत चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या, ७९ अंशांपलीकडच्या भागासाठी वेगळी अट आहे: यानातल्या सेंद्रिय पदार्थांची तपशीलवार यादी द्यायची. तिथल्या कायम सावलीतल्या खड्ड्यांत गोठलेले पाणी आहे आणि त्यात कोट्यवधी वर्षांचा रासायनिक इतिहास साठलेला असू शकतो. यानाच्या इंधनाचा धूर त्यात मिसळला तर कुठला रेणू चंद्राचा आणि कुठला आपला, हे कळणार नाही. जपानबरोबरची चांद्रयान-५ मोहीम त्याच भागाकडे जाणार आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,१०४ कोटी रुपयांच्या चांद्रयान-४ ला मंजुरी दिली. ही मोहीम चंद्रावरची माती पृथ्वीवर आणणार आहे. अपोलो-११ च्या अंतराळवीरांना परतल्यावर २१ दिवस विलग ठेवले होते, तसे आता चंद्राच्या मातीसाठी करावे लागत नाही. ती निर्धोक मानली जाते. इथे धोका उलट दिशेचा: मातीपासून आपल्याला नाही, आपल्यापासून मातीला. र्‍युगूच्या कणाचे जे झाले ते टाळायचे असेल तर बंद पेट्या, नायट्रोजनचे आवरण आणि हातमोज्यांची शिस्त पहिल्या दिवसापासून लागेल.

मंगळावर यान उतरवण्याचा विचार इस्रोने बोलून दाखवला आहे. ते झाले तर भारताला पहिल्यांदाच तीन लाखांच्या हिशेबात, बशीतले ठिपके मोजत यान बांधावे लागेल. बलूनच्या १६ नळ्यांना जे केले ते टनभर वजनाच्या यानाला करणे म्हणजे वेगळीच कसोटी. पण नमुना दोन प्रयोगशाळांत विभागायचा, रिकाम्या नळ्याही तपासायच्या आणि शंका आली तर प्रयोग पुन्हा करायचा, ही सवय हैदराबाद-पुण्याच्या चमूने वीस वर्षांपूर्वीच लावून घेतली आहे. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. त्या प्रयोगात ‘आपल्याला काय सिद्ध झालेले नाही’ हे त्यांच्या चमूने जितके स्पष्ट लिहिले, तितके स्पष्ट फार थोडे लिहितात.

शेतात पेटी उतरलेली दिसली तर?

हैदराबादच्या केंद्रातून सुटणारे बहुतेक बलून जंतूंसाठी नसतात. खगोलशास्त्र आणि हवामानाच्या अभ्यासासाठी असतात. बाहेरून बघून फरक कळत नाही. त्यामुळे सूचना सगळ्यांसाठी एकच. बलून पातळ प्लास्टिकचा, पॅराशूट रंगीत आणि पेटीवर केंद्राचा पत्ता असतो. पेटी उघडू नये, हलवू नये, तारांना हात लावू नये. जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा तलाठ्याला कळवावे आणि केंद्राची माणसे येईपर्यंत मुलांना, जनावरांना दूर ठेवावे. छेडछाड न करता कळवणाऱ्याला केंद्राकडून बक्षीस आणि कळवण्याचा वाजवी खर्च मिळतो.